चार मोजायचे

१

रिप्लेसमेंटला दोन तालमी मिळतात. तिसऱ्या वेळी उभं राहायचं ते थेट प्रेक्षकांसमोर.

नाटक नऊ वर्षं चालू होतं. धाकट्या मुलाची भूमिका माझ्याआधी सात जणांनी केली होती. कुणाला मालिका मिळाली, कुणाचं लग्न ठरलं, एकाने कंटाळून विम्याच्या ऑफिसात नोकरी धरली. सातही जण जाताना एकच वही मागे ठेवून गेले होते. दोनशे पानी, कोपरे वळलेली. कुठे उठायचं, कुठून चालायचं, कुठल्या शब्दावर मान वळवायची, सगळं सात हस्ताक्षरांत. मॅनेजरने ती माझ्या हातात दिली.

"पाठ कर. डोकं लावू नकोस, आधी सात जणांनी लावून झालंय."

मी डोकं लावणाऱ्यांपैकीच होतो. कॉलेजात चार वर्षं मी याच मुद्द्यावर भांडत आलो होतो. रंगमंचावर एक पाऊलसुद्धा कारणाशिवाय पडता कामा नये. ज्या हालचालीचं कारण नटाला ठाऊक नाही ती हालचाल खोटी, आणि खोटं पाहायला लोक तिकीट काढून का येतील?

नाटक साधं होतं. म्हातारे वडील राहतं घर विकायचं म्हणून मुलांना बोलावतात. थोरला मुलगा, त्याच्या पाठची मुलगी, आणि धाकटा, म्हणजे मी. दुसऱ्या अंकात सगळे आपापलं म्हणणं मांडतात, वडील विचारतात, "बोलून झालं ना सगळ्यांचं?" आणि धाकटा म्हणतो, "मग ठरलं तर." छापील संहितेत ही दोन वाक्यं एकाखाली एक आहेत. मध्ये काही नाही.

वहीत मात्र मध्ये एक ओळ होती. "चार मोजायचे." खाली सात शाईंच्या सात रेघा. प्रत्येकाने आपली एक ओढली होती.

"काका, हे चार कशाचे?" मी तालमीत विचारलं. वडिलांचं काम करणाऱ्यांना सगळे काकाच म्हणायचे.

"चार म्हणजे चार. एक, दोन, तीन, चार."

"पण त्या चारांत मी काय विचार करतोय?"

"मोजतोयस."

थोरल्या भावाचं काम करणारा नट हसला. त्याला सगळे दाढी म्हणत. "स्पर्धा जिंकून आलंय लेकरू. आता प्रत्येक खुर्चीला विचारेल, बाई गं, तुझी प्रेरणा काय?"

२

वहीत आणखी एक गोष्ट होती. सोफ्यापासून खिडकीकडे जाताना सरळ जायचं नाही, वळसा घालायचा. दारातून आत येतानाही तसाच. कशाला वळसा, ते लिहिलं नव्हतं. स्टूल आणि दार यांच्यामध्ये दोन पावलं मोकळी जागा होती आणि सगळे त्या जागेला वळसा घालत. दाढी रागारागाने बाहेर पडायचा, दार आपटायचा, पण वळसा चुकवायचा नाही. रागावलेला माणूस असा चालतो का कधी?

पहिल्या प्रयोगाआधी कपडेपट आणि सामान सांभाळणारे मामा गालिचा अंथरत होते. नऊ वर्षांचा गालिचा, नटांच्या पायांनी त्याचा रंग पार उडालेला. स्टूल आणि दारामधला एक चौकोन तेवढा गडद लाल होता, दुकानातून कालच आणल्यासारखा.

"मामा, इथे काही ठेवलेलं असायचं का?"

"नाही बुवा. गालिचा असाच आहे."

मेकअप रूममध्ये चहा आला. पाच कप. आम्ही नट चार. पाचवा कप आरशाखाली निवत राहिला, त्याच्यावर साय धरली, आणि मामा तो तसाच घेऊन गेले.

"पाच सांगायचे अशी पद्धत आहे," बहिणीचं काम करणारी ताई म्हणाली. ती गुडघ्याला मलम चोळत बसली होती. "पहिल्या दिवशी मीपण विचारलं होतं. मग विचारायचं विसरले. तूही विसरशील."

"मी नाही विसरणार, ताई. तुम्हाला हे विचित्र वाटत नाही?"

"आधी तुम्ही-आम्ही सोड. तू म्हण. नाहीतर मला गुडघ्यासकट म्हातारी झाल्यासारखं वाटतं."

पाच वर्षं ती या नाटकात होती. मी आल्यापासून माझ्याशी माणसासारखं बोलणारी ती एकटीच. गाडीत शेजारी बसवून घ्यायची, डब्यातलं अर्धं द्यायची, आणि मी रंगभूमीच्या भवितव्यावर बोलायला लागलो की खिडकीबाहेर बघत म्हणायची, "बोल, बोल. प्रवास बरा कापला जातो."

३

तिला पटवायला मला महिना लागला.

"त्या चारांत तू बोलायला हवंस," मी म्हणायचो. "बघ ना. थोरला बोलतो, धाकटा बोलतो, वडील बोलतात. घर सांभाळलंय कुणी? मुलीने. त्या प्रसंगात तिला एक अक्षर नाही. ती चार सेकंदं तिचीच आहेत. कुणीतरी काढून घेतलेली."

"कुणी काढून नाही घेतली रे. लेखकाने दिलीच नाहीत."

"मग आपण घेऊ."

ती हसायची. पण एक दिवस गाडीत तिने स्वतःहून विषय काढला. "काल मी मोजलं. माझ्या वाट्याला बेचाळीस वाक्यं आहेत. त्यातली अकरा 'चहा घ्या' आहेत. पाच वर्षं मी लोकांना खोटा चहा पाजतेय."

त्याच प्रवासात मी तिला वाक्य लिहून दिलं. तिकिटाच्या मागे, पेन्सिलने. 'मला कुणी विचारलंच नाही.'

तिने ते ओठांतल्या ओठांत पाच-सहा वेळा म्हटलं. "आणि उभी कुठे राहू?"

"त्या लाल चौकोनात. कुणी जात नाही तिथे. लोकांचं लक्ष आपोआप जाईल."

हे मी सांगितलं. तिने विचारलं आणि मीच सांगितलं. पुढचं सगळं लिहिताना हे वाक्य गाळावंसं अनेकदा वाटलं.

४

रविवार, सकाळी अकराचा प्रयोग.

काका म्हणाले, "बोलून झालं ना सगळ्यांचं?" ताईने ट्रे टेबलावर ठेवला. दोन पावलं चालून ती लाल चौकोनात उभी राहिली. घाई नाही, आवाज चढवणं नाही.

"मला कुणी विचारलंच नाही."

वरचे पंखे ऐकू यायला लागले. मागे कुठेतरी एक बाई "अगं बाई" म्हणाली, हलकेच. यासाठीच मी या धंद्यात आलो होतो.

मग मी काकांकडे पाहिलं. वाटलं होतं, दचकतील, चिडतील, सावरून घेतील. काका समोरच्या भिंतीकडे बघत होते. त्यांचे ओठ किंचित हलत होते. तीन. चार. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, रोज बघतात तसं.

"मग ठरलं तर," मी म्हणालो.

प्रयोग संपल्यावर आम्ही दोघं बोलणी खायला तयार होऊन बसलो. काका कापसाने मेकअप पुसत होते.

"आज चार जरा लांबले," ते मला म्हणाले. "लक्ष कुठे होतं?"

"काका, ताई बोलली ना त्यात."

काकांचा कापूस गालाशीच थांबला. ते रागावले नाहीत. रेल्वे फाटकाशी गाडी जाईपर्यंत माणूस थांबतो, तसा चेहरा. मग कापूस पुन्हा फिरायला लागला. "उद्या गाडी साडेअकराला निघेल. वेळेवर या."

ताईने आरशातून मला डोळा मारला आणि आवाज न करता म्हणाली, रुसलेत.

५

रुसवा आठवडाभर टिकला, मग पंधरा दिवस.

ताईने "चहा घ्या" म्हटलं की दाढी कप उचलायचा नाही. थांबायचा, आणि मग पुढचं वाक्य घ्यायचा. गाडीत तिच्या जागेवर बॅग ठेवायचा. ती बॅग उचलून मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, "हमाली वेगळी पडेल." तो खिडकीबाहेर बघत राहायचा. मामांनी तिचा करडा स्वेटर काढून ठेवणं बंद केलं. एका प्रयोगाला ट्रेच ठेवला नव्हता. तिने हवेत ट्रे धरून अंक निभावला, आणि आत येऊन इतकी हसली की काजळ पसरलं.

मला एकच अर्थ लागत होता. वाळीत टाकलंय. जुन्यांची गटबाजी. एक स्त्री एक वाक्य जास्त बोलली म्हणून सगळ्यांनी मिळून तिला धडा शिकवायचा. मी तडक मॅनेजरकडे गेलो.

"हे जे चाललंय ते घाणेरडं आहे."

"काय झालं?"

"ताईशी कुणी बोलत नाही."

मॅनेजर फोनवर काहीतरी टाइप करत होता. त्याचा अंगठा थांबला. मी बघत होतो त्या अंगठ्याकडे. मग तो पुन्हा चालू झाला. "हं, बोल ना. काय झालं?"

"ताईबद्दल बोलतोय मी."

अंगठा थांबला. चालू झाला. "अरे, बोल की. मला पुढे फोन करायचेत."

इतका चांगला नट तो नव्हता. नट नव्हताच. ते मला तिथेच समजायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी प्रयोगानंतर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आत आले. त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "छान करता सगळे. पण ती मुलगी हो. शेवटी उभी राहून बोलते ती. माझ्या बहिणीची आठवण झाली. कुठे आहे ती?"

ताई दोन हातांच्या अंतरावर उभी होती. ती पुढे झाली, वाकली. "अहो, इथेच आहे मी."

गृहस्थांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काका हसऱ्या चेहऱ्याने नुसते थांबले होते. हात हलला तसे म्हणाले, "धन्यवाद, पुन्हा या."

मला तेव्हा हायसं वाटलं, इतकं की लाज वाटावी. बाहेरच्या माणसाला ती दिसते. म्हणजे आतल्यांचंच काहीतरी आहे.

६

थिएटरच्या मागे सामान चढवायच्या पायऱ्या होत्या. तिथे उन्हात ताई गुडघा चोळत बसली होती.

"मी ते वाक्य टाकून दिलं," ती म्हणाली. "मागचे दोन प्रयोग. तुझ्या लक्षात आलं असेल."

"आलं. मला वाईट वाटलं."

"मला वाटलं, माफी मागितल्यासारखं होईल. पण काही फरक नाही पडला रे. काकांनी तेवढेच चार मोजले." तिने गुडघ्यावर आणखी मलम घेतलं. "आणि परवा घरी ह्यांना विचारलं, गॅस बंद केलात का? हे पेपर वाचत होते. पान उलटता उलटता थांबले. मी उगाच, गंमत म्हणून, मनात मोजलं."

मी विचारलं नाही किती.

"चार," ती म्हणाली.

"नवरे तसेही ऐकत नाहीत," मी म्हणालो. विनोद करायचा होता.

"हो ना." ती हसली, आणि मलमाची डबी बंद करायला तिला तीनदा झाकण फिरवावं लागलं. "तू ऐकतोस ना पण?"

"म्हणजे काय. समोर बसून बोलतेयस."

"मग आता मी ते वाक्य बोलणार. रोज बोलणार. आणि ते ऐकू आल्याशिवाय तू तुझं बोलायचं नाहीस. आभाळ कोसळलं तरी. तू पुढे गेलास की सगळे जातात. वचन दे."

"दिलं."

"नाटकातलं नको. खरं दे."

मी तिच्या हातावर हात ठेवला. हात गरम होता, मलमाने चिकट. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि मला खात्री होती की ऐकणं ही मी ठरवलं तर करायची गोष्ट आहे.

७

पुढच्या प्रयोगाला मी फोन विंगेत ठेवून आवाज रेकॉर्ड केला. पुरावा म्हणून. घरी येऊन लावला. काकांचा प्रश्न, मग ताईचा आवाज, स्पष्ट. मग मी. पाच-सहा वेळा ऐकून मी शांत झोपलो.

दहा-बारा दिवसांनी, दुपारी, एका प्रयोगाच्या मध्यात, माझ्या तोंडून "मग ठरलं तर" गेलं आणि मला कळलं की मी नुकतंच मनात 'चार' म्हटलंय.

ताई बोलली होती का? मी आठवायचा प्रयत्न केला. ती लाल चौकोनात उभी होती का? तो चौकोन मला आठवत होता, त्याच्या कडा, त्याचा रंग. त्यावर कुणी उभं असल्याचं आठवत नव्हतं, नसल्याचंही नव्हतं. मी नजर वळवली. ती तिथे होती. डोळे भरलेले, माझ्याकडे बघत. म्हणजे बोलली असणार.

आत आल्यावर मी म्हणालो, "ताई, आज माझं चुकलं." ती काहीतरी म्हणाली. ओठ हलले, आणि त्याच वेळी बाहेर ट्रक सुरू झाला. मी ट्रकचा आवाज कारण म्हणून धरून ठेवला.

घरी आल्या आल्या तेच रेकॉर्डिंग लावलं. काका: "बोलून झालं ना सगळ्यांचं?" मग पंखे. कुणीतरी खुर्चीत सरकलं. मग मी.

पुन्हा लावलं. पंखे, खुर्ची, मी.

आवाज वाढवला, कानाशी धरला, इयरफोन शोधले, दुसऱ्या फोनवर पाठवून लावला. फाईल खराब झाली असेल. मेमरी भरली असेल. मी अशी सात कारणं काढली आणि प्रत्येकासाठी एकदा पुन्हा ऐकलं.

आई कपड्यांच्या घड्या घालत आतल्या खोलीत होती. ती दारात आली.

"कोण रे ही बाई?"

"कुठली?"

"ही आत्ताची. किती साधं म्हणते, मला कुणी विचारलंच नाही." आईच्या हातात अर्धी घडी घातलेला टॉवेल होता. "पुन्हा लाव ना."

मी पुन्हा लावलं. आई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली आणि बरोबर त्या वेळी तिने मान हलवली.

मी पंखे ऐकले.

८

त्यानंतरच्या प्रयोगांना ताई आली की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चहाचे पाच कप येत, दोन निवून परत जात. गाडीत माझ्या शेजारची खिडकी उघडी असायची, मी उघडलेली नसताना. माझ्या डब्याशेजारी एकदा अर्धा रिकामा डबा होता. मी त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिलो की दाढी म्हणाला, "खा की. डोळ्यांनी पोट भरत नाही."

फोन लावला. वाजला, कुणीतरी उचलला. "ताई?" मी म्हणालो. पलीकडे काही नाही. मग मला माझा अंगठा फोन ठेवताना दिसला. मी ठरवलं नव्हतं.

सोमवारी सुट्टी होती. मी तिच्या घरी गेलो. तिसरा मजला, दाराबाहेर तीन कुंड्या, तिन्हींना पाणी घातलेलं, अजून ठिबकत होतं. तिच्या नवऱ्याने दार उघडलं. शांत, टक्कल पडलेले, चष्मा कपाळावर. प्रयोगाला दोनदा आले होते, मला ओळखत होते.

"या, या. आज इकडे कसे?"

"भाऊजी, ताई आहे?"

ते दाराची कडी धरून उभे होते. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. मागे स्वयंपाकघरात नळ चालू होता. मी मोजायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून त्यांच्या शर्टाची बटणं बघत राहिलो. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याशी आलो तसे ते म्हणाले, "चहा घेणार ना?"

आत दिवाणखाना अरुंद होता. ते स्वयंपाकघराकडे निघाले आणि खोलीच्या मधोमध, काही नसताना, डाव्या बाजूने वळसा घालून गेले. खांदासुद्धा तिरका केला, कुणाला लागू नये म्हणून माणूस करतो तसा. सवयीने. प्रेमाने म्हटलं तरी चालेल.

"भाऊजी, नळ कुणी चालू ठेवलाय?"

"कुठला?" ते म्हणाले.

नळ बंद झाला. ते अजून स्वयंपाकघराच्या दारातच उभे होते, माझ्याकडे तोंड करून.

मी पायऱ्या उतरलो. पहिल्या मजल्यावर एक शेजारीण पिशव्या घेऊन वर येत होती. मी तिला थांबवलं. तिसऱ्या मजल्यावर नाटकात काम करणाऱ्या बाई राहतात, त्यांना आज पाहिलंत का?

"आत्ता तर गॅलरीत होत्या," ती म्हणाली. "तुम्हाला हाका मारतायत बघा."

मी वर पाहिलं. जिन्याच्या कठड्यांच्या मधून तिसऱ्या मजल्याच्या छताचा तुकडा दिसत होता. शेजारीण माझ्याकडे, मग वर, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं ते मला वाचता आलं. ती माझ्याबद्दल वाईट मत करून घेत होती.

९

शनिवारचा साडेतीनचा प्रयोग. सगळी तिकिटं विकली गेलेली.

मी ठरवून आलो होतो. वचन दिलं होतं, खरं दिलं होतं, आणि अजून एक गोष्ट माझ्या हातात होती. मी पुढे गेलो नाही तर नाटक पुढे जाणार नव्हतं. तिला बोलायला जेवढा वेळ लागेल तेवढा मी थांबणार. तासभर लागला तर तासभर. पडदा पाडला तरी. मॅनेजरने हाकलून दिलं तरी. मी ऐकेन.

काका म्हणाले, "बोलून झालं ना सगळ्यांचं?"

मोजदाद होऊ नये म्हणून मी मनात बाराखडी सुरू केली. क, का, कि, की. काकांनी माझ्याकडे मान वळवली. मी गप्प. दाढीने घसा खाकरला. विंगेतून मॅनेजर कुजबुजला, "मग ठरलं तर," आणि मग जरा मोठ्याने, "अरे, मग ठरलं तर!" ख, खा, खि. माझ्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. लाल चौकोन माझ्यापासून तीन पावलांवर होता. त्यावर गालिच्याची लव दोन ठिकाणी दबलेली होती, पाऊल मावेल एवढी. मी बघत राहिलो. इतकं कान देऊन मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. मला पंखे ऐकू आले.

मग मी नटाने कधी करू नये ते केलं. समोर, थेट प्रेक्षकांकडे पाहिलं.

पुढच्या आठ-दहा रांगा स्टेजच्या दिव्यांमुळे दिसत होत्या. कुणी कंटाळलं नव्हतं. कुणी चुळबूळ करत नव्हतं. सगळे चेहरे लाल चौकोनाकडे वळले होते आणि ऐकत होते. पहिल्या रांगेतली एक बाई डोळ्यांना रुमाल लावून होती. तिच्या शेजारचा माणूस किंचित पुढे झुकला होता. मध्येच सगळे एकदम हसले, ओलं, लहानसं हसू, आणि पुन्हा गंभीर झाले. ती एक वाक्य बोलत नव्हती. ती बोलतच होती. पाच वर्षांचं बोलत असेल. मी त्यांच्या चेहऱ्यांवरून ते वाचायचा प्रयत्न केला, आंधळ्याने भिंत चाचपडावी तसा.

मग चेहरे हलले. सगळे एकत्र, हळू. चौकोनापासून माझ्याकडे. एक पाऊल. अजून एक. ते माझ्यापाशी येऊन थांबले. माझ्यावर नाही, माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पुढे. मलमाचा वास आला. किंवा यावा असं मला फार वाटलं.

चेहरे तिथे थांबले आणि मग माझ्याकडे वळले. वाट बघायला लागले.

तिने मला काहीतरी विचारलं होतं. सगळ्या प्रेक्षागृहाला माहीत होतं काय. रुमालवाल्या बाईने माझ्याकडे बघत मान हलवली, सांग ना, अशी. हो म्हणायचं होतं का? नाही? मी बाराखडी सोडली. ताई, मी इथे आहे, असं म्हणायचं होतं मला. जीभ उचलली. नऊ वर्षं सात जणांनी आणि मग मी ज्या ठिकाणी जे म्हटलं होतं, तेच त्या ठिकाणी तोंडात तयार होतं. दुसरं काही नव्हतं.

"मग ठरलं तर," मी म्हणालो.

रुमालवाल्या बाईचा हात तोंडावर गेला. तिच्या शेजारच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. मग सगळी डोकी सावकाश वळायला लागली. माझ्यापासून लांब, स्टेजच्या बाजूच्या पायऱ्यांकडे, पायऱ्यांवरून खाली, मधल्या वाटेने मागे मागे, एका रांगेमागून दुसरी रांग. वाटेच्या कडेला बसलेल्यांनी पाय आत घेतले. मागचं दार उघडलं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. उन्हाचा एक उभा पट्टा वाटेवर पडला, मध्ये क्षणभर काळपट झाला, पुन्हा स्वच्छ झाला, आणि दार आपल्या वजनाने मिटत गेलं.

काकांनी पुढचं वाक्य बरोबर वेळेवर घेतलं.